खणखणीत आवाजाची स्वस्त तार

गिटारच्या तारा विकून एखाद्याचं घर चालतं, यावर आमच्या इमारतीतल्या लोकांचा अजून विश्वास नाही. सोसायटीच्या फॉर्मवर मी व्यवसायाच्या रकान्यात "नोकरी" एवढंच लिहितो. कुणी खोदून विचारलं तर "गिरगावात, वाद्यांच्या दुकानात" असं सांगतो. मग हमखास पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही तबला वाजवता?" मला काहीही वाजवता येत नाही. एकोणतीस वर्षं मी तारांच्या काउंटरला उभा आहे. त्यातली वीस वर्षं तरी बेस गिटारच्या तारा हे माझं खातं आहे.

बेस गिटार म्हणजे लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार. गाणं ऐकताना ती वाजतेय हे बहुतेकांना कळत नाही. ती मध्येच थांबली तर मात्र काहीतरी बिघडलं एवढं सगळ्यांना कळतं. तिच्या चार तारांचा सेट साध्या गिटारच्या सहा तारांच्या तिप्पट किमतीला असतो, आणि यावरून गिऱ्हाइकांशी माझे जेवढे वाद झाले तेवढे बायकोशीही झालेले नाहीत. लालबागचे एक हार्डवेअरवाले मुलासाठी तारा घ्यायला आले होते. म्हणाले, "चारच तारा, त्याही लोखंडाच्या. काट्यावर ठेवा, वजनाने पैसे देतो." मी खरोखरच वजन केलं आणि आकडा त्यांना सांगितला. म्हटलं, "आता एवढ्याच वजनाची तार तुमच्या दुकानातून घेऊन या. मी फुकट लावून देतो." ते हसले आणि सेट घेऊन गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही आमच्या धंद्यात यायला हवे होतात."

तारेत एवढं काय असतं ते थोडक्यात सांगतो. आत एक सरळ पोलादी तार असते, तिला गाभा म्हणू. तिच्यावर दुसरी बारीक तार स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळलेली असते. तार नवी असते तेव्हा वेढ्यांमधल्या खाचा स्वच्छ असतात, म्हणून आवाज खणखणीत निघतो. वाजवणाऱ्याचा घाम, बोटांचा मळ आणि मुंबईची दमट हवा मिळून त्या खाचा भरतात. मग आवाज बसतो. वादक म्हणतात, तार मेली. गुळगुळीत वेढ्यांच्या तारा वर्षानुवर्षं टिकतात, पण खणखणीत कधीच नसतात. पोलादी वेढ्यांच्या खणखणीत असतात, पण दांड्यावरचे पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, खातात. वरून पातळ मुलामा दिलेल्या तारा खणखणीत असतात आणि टिकतातही, पण साडेतीन हजारांच्या खाली मिळत नाहीत. आणि माझ्याकडे येणारी दहापैकी नऊ माणसं म्हणतात, "साळवी, हजाराच्या आत बसवा. आणि आवाज पडता कामा नये."

या नऊ जणांसाठी मी एक पद्धत बसवली होती. दुकानात एक पोपटी रंगाची बेस आहे. रंगामुळे ती कोणी घेतली नाही. कुठल्याही नव्या कंपनीचा स्वस्त सेट आला की त्यातला एक मी पोपटीवर चढवायचो. रोज दुपारी जेवून आलो की हात न पुसता प्रत्येक तार पन्नास वेळा छेडायची, मग पाचव्या पडद्यावर दाबून तिचा वरचा किणकिणाट किती सेकंद टिकतो ते मोबाइलवर मोजायचं. नव्या तारेच्या निम्म्यावर आकडा आला की ती मेली. वहीत तारखा लिहायच्या. शेठ म्हणायचे, "साळवी, तारा विकायच्या असतात, त्यांची नाडी बघायची नसते." पण गिऱ्हाइकाला मी "चांगली आहे हो" असं कधी म्हटलं नाही. "अमुक दिवस चालते" असं म्हणायचो, आणि तो आकडा खरा निघायचा. याचा मला गर्व होता.

एकदा एकाच ऑर्केस्ट्रातले दोन वादक एकाच दिवशी एकच सेट घेऊन गेले. एकाची तार आठ दिवसांत मेली, दुसऱ्याची चाळीस दिवसांनंतरही जिवंत. पहिला भांडायला आला. मी दोघांना समोर बसवून विचारलं, वाजवून झाल्यावर काय करता? पहिला म्हणाला, "चहा घेतो." दुसरा म्हणाला, "तारा रुमालाने पुसतो, मग चहा घेतो." तेव्हापासून प्रत्येक सेटबरोबर मी सुती कापडाचा एक तुकडा देतो. मलमलीचा नाही, बनियनचा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी चुकलो, आणि चुकलो तो आळसाने नाही.

मागच्या वर्षी पितृपंधरवड्यात, बुधवारी दुपारी दिनकर घाडी दुकानात आला. घाडी माझ्याच वयाचा, चौपन्नचा. चिंचपोकळीला राहतो. वडील मिलमध्ये होते. हा मात्र चाळीतल्या ऑर्केस्ट्रात बेस शिकला आणि एकतीस वर्षं त्यावरच जगला. आधी चार-पाच ऑर्केस्ट्रांत वाजवायचा. ते एकेक करून बंद पडले आणि दादरच्या एका बाईंचा मराठी गाण्यांचा संच तेवढा उरला. त्यांना सगळे ताई म्हणतात.

त्या दिवशी तो काउंटरला टेकून नुसता उभा राहिला. एरवी आल्या आल्या शेठची टिंगल करतो.

"काय रे, घरी सगळं ठीक ना?"

"घरी ठीक आहे. ताईंकडे नाही," तो म्हणाला. "कीबोर्डवर तो नवीन पोरगा आलाय ना, संकेत, तो डाव्या हाताने बेस वाजवतो. ताई म्हणाल्या, घाडी, तुमचा आवाज हल्ली गाण्यात मिसळून जातो, कळतच नाही. मग एक माणूस कशाला वाढवू?"

"सरळ काढलं?"

"शनिवारी अकराला परळला तालीम आहे. म्हणाल्या, ऐकते आणि सांगते. नवरात्रापासून डिसेंबरपर्यंत चौदा कार्यक्रम आहेत, साळवी. ते गेले की मी गेलो. बेसवाल्याला आता कोण बोलावतंय?"

त्याने पिशवीतून बेस काढली. तारा चौदा महिन्यांच्या, काळ्या पडलेल्या. मी एक छेडून पाहिली. रिकाम्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला.

"तारा मेल्यात रे तुझ्या."

"ते मलाही कळतं. खिसा बघून दे. आणि असा आवाज दे की त्या पोराच्या डाव्या हाताला झोंबला पाहिजे."

माझ्याकडे एका नव्या कंपनीचे सेट आले होते. साडेआठशे रुपये. पोपटीवर एक चढवून सव्वीस दिवस झाले होते आणि किणकिणाट जवळजवळ पहिल्या दिवसाइतका होता. या किमतीत असा आकडा मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. घाडीला वही दाखवली. तो म्हणाला, "तुझ्या वहीवर माझा माझ्या कुंडलीपेक्षा जास्त विश्वास आहे. लाव."

आमच्या काउंटरची एक जुनी रीत आहे. सेट घेतला की तारा लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तार लांब येते. ती खुंटीच्या पुढे थोडी ठेवून बाकीची कापावी लागते, म्हणजे खुंटीवर नेमके वेढे बसतात. दुसरे दुकानदार चार बोटं मोजतात. मी पट्टी लावतो. खुंटीपुढे अकरा सेंटिमीटर, चारही तारांना, मिलिमीटरचा फरक नाही. पक्कड लावायची आणि कट्. घाडी बघत होता. म्हणाला, "सोनार बरा." तारा चढवल्या, सूर लावला आणि त्याने वाजवलं तेव्हा शेठसुद्धा केबिनमधून डोकावले. खणखणीत होता आवाज. घाडी खूश होऊन गेला.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"साळवी, जाडी तार बसली रे. दुसरीपण. सकाळपर्यंत ठीक होती, आता थड थड करतेय."

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "नवी तार अशी एका दिवसात बसत नाही. तुझी वायर बघ. अँपचा ट्रेबल बघ. आणि वाजवायच्या आधी हात धुतोस का? साबणाने धू."

तो म्हणाला, "बरं. धुतो."

मी फोन ठेवला आणि माझ्या कामाला लागलो. वहीत सव्वीस लिहिलेले होते, आता सत्तावीस झाले होते. वही चुकीची नव्हती, म्हणजे घाडी चुकत असणार, एवढा साधा हिशेब मी केला.

शुक्रवारी चारच्या सुमाराला त्याचा परत फोन. आवाज अगदी शांत होता, आणि मला तोच आवडला नाही.

"साळवी, तारांचं सोड. वायर बदलली, अँप शेजाऱ्याचा आणून बघितला, हात चार वेळा धुतले. दोष माझ्यात आहे. बोटांत जोर नाही राहिला, किंवा कान गेले. सूरसुद्धा लागत नाही, पाचव्या पडद्याला जुळवला की बाराव्याला उतरतो. ताई बरोबर बोलत होत्या."

"अरे, उद्या तालीम आहे तुझी."

"म्हणूनच. संकेतसमोर सगळ्यांदेखत नापास होण्यापेक्षा आपणच उठलेलं बरं. ताईंचा गाण्याचा क्लास सहाला सुटतो. तेव्हा फोन करून सांगतो, की मी थांबतो."

त्याने फोन ठेवला. मी तसाच उभा. एका गोष्टीने माझं डोकं धरलं होतं. पाचव्याला जुळतं आणि बाराव्याला उतरतं, हे बोटांच्या जोराने होत नाही आणि कान गेल्यानेही होत नाही. ते तारेतच काहीतरी हललं तर होतं.

मी पोपटी खाली घेतली. तीच कंपनी, त्याच खोक्यातला सेट, अठ्ठावीसावा दिवस. छेडली, खणखणीत. मग घाडीच्या तारेला मी काय केलं जे हिला केलं नाही? उत्तर समोर लोंबत होतं. पोपटीवरच्या तारा मी कधी कापत नाही. परीक्षा झाली की उतरवून ठेवायच्या असतात, म्हणून जादा लांबी खुंटीपलीकडे तशीच गुंडाळून सोडतो.

कापलेले तुकडे मी भंगारासाठी डब्यात टाकतो. डबा काउंटरवर उपडा केला. घाडीच्या जाड्या तारेचा तुकडा सापडला. तो दोन चिमटीत धरून वरचे वेढे हलकेच ओढले. ते मोजा निघावा तसे सरकत बाहेर आले. दुसऱ्या, जुन्या कंपनीचा तुकडा घेऊन ओढला. जागचा हलला नाही. भिंग लावून दोघांचे गाभे पाहिले. जुन्याचा गाभा षट्कोनी होता. वेढे त्याच्या कडांना धरून बसतात, कुठेही कापा. नव्या स्वस्त तारेचा गाभा गोल. गोल गाभ्याला कडा नाहीत. तिथे आधी तार खुंटीपाशी काटकोनात वाकवून मोडायची असते, म्हणजे वेढे त्या मोडीत अडकतात, आणि मगच कापायची. सरळ कापली की वेढे टोकाकडून सैल होत होत मागे सुटतात. लगेच नाही, एका दिवसात. मग तार मेली, आणि ती परत जिवंत होत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत दोन ओळींत हे छापलेलं होतं. एकोणतीस वर्षं तारा कापणाऱ्या माणसाने ते वाचलं नव्हतं. परीक्षा घेण्याच्या माझ्या पद्धतीत सगळं होतं, फक्त मी रोज जे गिऱ्हाइकासमोर करतो तेवढं एकच नव्हतं.

चार चाळीस. घाडीला फोन लावला तर बंद. परत लावला, बंद. त्या कंपनीचं एकच सीलबंद पाकीट उरलं होतं, ते घेतलं. शिवाय साडेतीन हजारवाला मुलाम्याचा सेट घेतला. शेठना म्हटलं, दोन्ही माझ्या पगारातून कापा. त्यांनी विचारलं, "काय झालं काय?" मी म्हटलं, "मी एकाचं काम घालवलंय."

टॅक्सी मिळाली, पण नागपाड्याच्या पुढे रस्ता खणलेला. भायखळ्याला येईपर्यंत पाच वीस झाले आणि टॅक्सी जागीच उभी. मी हिशेब केला. इथून चालत वीस ते बावीस मिनिटं. टॅक्सीत बसलो तर किती, ते टॅक्सीवालाही सांगेना. उतरलो आणि चालू लागलो, मग थोडा पळालो. चौपन्नाव्या वर्षी, हातात पक्कड घेऊन. लोक बघत होते. वाटेत तीन वेळा फोन लावला, तिन्ही वेळा बंद.

घाडीच्या मजल्यावर पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. दार उघडंच होतं. घाडी खाटेवर बसला होता, बेस भिंतीला. त्याची बायको शुभदावहिनी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या.

"फोन करू नकोस," मी दारातूनच म्हटलं.

"झाला," घाडी म्हणाला. "क्लास लवकर सुटला त्यांचा. साडेपाचलाच हिच्या फोनवरून बोललो. माझा तुझ्याशी बोलल्यावरच बंद करून टाकला होता. पाणी पी आधी, धापा टाकतोयस."

मी पाणी प्यायलो नाही. खिशातून दोन्ही तुकडे काढले आणि त्याच्यासमोर वेढे ओढून दाखवले. काय झालं, कोणी केलं, सगळं सांगितलं. तो तुकड्याकडे बघत राहिला. मग त्याने तो स्वतः ओढून बघितला.

"म्हणजे माझे कान..."

"कान शाबूत आहेत तुझे. तुला जे ऐकू आलं ते खरंच तसं होतं."

वहिनी ओट्यापासून पुढे आल्या. "दोन दिस ह्ये जेवले नाय," त्या म्हणाल्या. "माका म्हणत होते, आता कानाचो डॉक्टर बघूया. आणि तुमचा नाव घेऊन म्हणत होते, साळवी खोटा सांगूचो नाय."

मी घाडीला म्हटलं, "ताईंना परत फोन लाव."

"नाही लावणार. पाव तासापूर्वी म्हटलं थांबतो, आता म्हणू तारेची चूक? पोरं हसतील. म्हातारा तारेवर ढकलतो म्हणतील."

"मग मला नंबर दे."

"नाही."

"नंबर मी देतंय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावून माझ्या हातात दिला.

पलीकडून कोरडा आवाज आला. "बोला."

"मी गिरगावच्या वाद्यांच्या दुकानातून साळवी बोलतोय. घाडींच्या तारा परवा मी लावल्या. त्या लावताना माझ्या हातून चूक झाली. त्यांचा आवाज माझ्यामुळे गेला, बोटांमुळे नाही."

"घाडींनी सांगितलं तुम्हाला असं बोलायला?"

"ते समोर बसून मला हाताने नको नको करतायत."

त्या म्हणाल्या, "साळवी, दुकानदाराने स्वतःहून चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा ऐकतेय. पण मी संकेतला आत्ताच हो म्हटलंय."

"एकदा ऐका फक्त. उद्या अकराला. मग काय ठरवायचं ते ठरवा."

"या. दोघंही या. मी शब्द देत नाही."

फोन ठेवला आणि मी मुलाम्याचा सेट काढला. घाडीने पाकिटावरची किंमत पाहिली आणि परत माझ्या हातात दिलं.

"हे नको."

"पैसे मी भरलेत रे. माझी चूक आहे."

"उद्या या तारेवर पास झालो आणि ही मेली, की पुढची कशाने आणू? ताई तोच आवाज मागणार. मला परवडते त्याच तारेवर वाजवू दे. त्यावर नापास झालो तर झालो."

मग आम्ही ते शेवटचं पाकीट फोडलं. एकच सेट, चार तारा, चूक करायला जागा नाही. घाडीने तार खुंटीवर धरली आणि मी पकडीने मोडली. कडक काटकोन. मोडीच्या पुढे दोन बोटं सोडून कापली. वेढे बघितले, जागेवर. चारही तारा तशाच. सूर लावला, त्याने वाजवलं. खणखणीत.

वहिनी म्हणाल्या, "झाला मां?"

घाडी माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. बुधवारीही आवाज असाच होता. कळायचं ते दुसऱ्या दिवशीच कळणार होतं. मोडताना एखादा वेढा आतून सुटला असेल, तर तो उद्या दहा-अकराच्या सुमारालाच बोलणार. मी घरी गेलो, जेवलो, बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता काय करणार?" मी म्हटलं, "काही करता येत नाही. हाच त्रास आहे."

शनिवारी पावणेअकराला परळच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये पोचलो. घाडी आधीच आला होता. मी खुणेने विचारलं, कशी आहे? त्याने खांदे उडवले. तो घरून वाजवून आला नव्हता. म्हणाला, "हिंमत झाली नाही."

ताई साठीच्या, बारीक, पांढरी साडी. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तुम्ही हमी म्हणून आलात का?"

"नाही. गुन्हेगार म्हणून."

त्या हसल्या नाहीत. संकेत कीबोर्डला होता, तिशीचा, स्वभावाने बरा मुलगा. ढोलकीवाल्याने लय धरली आणि पहिलं गाणं सुरू झालं. संकेतचा डावा हात खाली चालू होता, सवयीने. घाडीने पण सुरू केलं. मला ताईंचा चेहरा दिसत होता आणि त्यातून काही कळत नव्हतं. मी जाड्या तारेकडे कान लावून होतो. दोन बेस एकावर एक. कुठला कोणाचा ते मलाही सांगता येईना. पहिलं कडवं संपलं. घाडीच्या कपाळावर घाम होता आणि तो कोणाकडेच बघत नव्हता.

ताईंनी हात वर केला. सगळे थांबले.

"संकेत, डावा हात उचल."

संकेतने हात मांडीवर ठेवला. ताई म्हणाल्या, "पुन्हा. पहिल्यापासून."

आणि मग घाडीची तार एकटी वाजली. मला संगीत कळत नाही हे मी आधीच कबूल केलंय. पण खालच्या सुरापासून वरच्या पडद्यापर्यंत एकेक घाव सुटा ऐकू येत होता, आणि प्रत्येकाच्या मागे तो किणकिणाट, जो मी सेकंदांत मोजतो. त्या वेळी मोजला नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं. ताईंनी थांबवलं नाही.

संपल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "संकेत, तू डावा हात मोकळा ठेव, तिथे व्हायोलिनचे तुकडे घे. घाडी, डिसेंबरपर्यंत आहात. पुढचं तेव्हा बघू." आणि लगेच, "दुसरं गाणं."

मी हॉलबाहेर येऊन पायरीवर बसलो. तासाभराने मधली सुट्टी झाली तेव्हा घाडी चहाचे दोन कप घेऊन आला. बसण्याआधी त्याने खिशातलं बनियनचं फडकं काढून बोटं पुसली.

"वाचलास," मी म्हटलं.

"हो." तो चहा पीत राहिला. मग म्हणाला, "एक बोलू? तार कापलीस त्याचं मला काही नाही. कोणाच्याही हातून होतं. पण गुरुवारी मी फोन केला तेव्हा मला हात धुवायला सांगितलंस ना, ते लागलं."

"माझी वही म्हणत होती..."

"वही बरोबर होती रे. पण तू वहीला विचारलंस. मला विचारलं नाहीस. एवढंच म्हणायचं होतंस, की घेऊन ये, बघतो. शुक्रवारचा दिवस वाचला असता. मी बायकोला सांगून बसलो होतो की संपलं."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू दे, चहा गार होतोय."

डिसेंबरनंतर ताईंनी त्याला ठेवलं. या वर्षीच्या नवरात्रातही तो त्यांच्याकडे वाजवत होता. तारा माझ्याकडूनच घेतो, त्याच साडेआठशेच्या. मी आता पोपटीवरसुद्धा तार मोडतो आणि कापतो, म्हणजे परीक्षेतला सेट वाया जातो. शेठ कुरकुरतात, पण कुरकुरून देतात. त्या कंपनीच्या प्रत्येक पाकिटावर मी लाल शाईने "आधी मोडा, मग कापा" असं लिहून ठेवलंय. तेव्हापासून अशी एकही तार मेलेली परत आली नाही.

गेल्या मंगळवारी शीवहून एका माणसाचा फोन आला. म्हणाला, तुमच्या दुकानातल्या तारा, आवाज एकदम बसलाय, काहीतरी गडबड आहे. माझ्या जिभेवर आलंच होतं, की हात धुता का? मी ते गिळलं आणि म्हटलं, "पत्ता सांगा, उद्या दुपारी येतो."

गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. त्यांनी बेस पुढे केली. तारा काळ्या ठिक्कर, वेढ्यांत बोटभर मळ. विचारलं, कधी घेतल्या होत्या? ते बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, आपण रिक्षा विकली ते कोणतं वर्ष?" हिशेब केला. तीन वर्षं आणि दोन महिने.

मी खिशातून बनियनचा तुकडा काढला, आधी त्यांच्या तारा पुसून दिल्या, आणि मग बरोबर आणलेलं नव्या तारांचं पाकीट उघडलं.